फेल झालं की तो बोलायचा

माझा नवरा चुका काढण्यात वस्ताद होता. त्याचं कामच ते, त्यामुळे मला धड भांडताही यायचं नाही. बुऱ्हाणपुरात घरी बसून आम्ही दोघं एका कंपनीचं काम करायचो. मी छोटे प्रोग्राम लिहायचे, चित्रं-बटणं नसलेले, कमांड टाइप केली की काळ्या पडद्यावर उत्तर छापणारे. तो त्यांच्या टेस्ट स्क्रिप्ट लिहायचा. त्याची स्क्रिप्ट माझ्या प्रोग्रामला मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं भरवायची आणि ठरलेलं उत्तर आलं नाही की फेल म्हणून बोंब मारायची.

सासऱ्यांच्या केळीसाठीही आम्ही असाच एक प्रोग्राम केला होता. शेतात गाडी भरताना घड काट्यावर चढतात, एका खेपेला एक तोल; मुनीम एकेका तोलाचं वजन टाइप करतो आणि प्रोग्राम वजनाची पर्ची ओळीखाली ओळ छापत जातो. कंपनीच्या स्क्रिप्टमध्ये नवऱ्याला सभ्य बोलावं लागे. घरच्या स्क्रिप्टमध्ये त्याने जीभ मोकळी सोडली होती. प्रोग्रामने उणे वजन चालवून घेतलं तर पडद्यावर यायचं, ‘उणे वजन? केळी आहेत की फुगे?’ तारखा उलट्या पडल्या तर, ‘आधी कळस मग पाया, वा राणीसरकार!’

आमचा एक नियम होता. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने स्क्रिप्ट उघडून बघायची नाही. बघितली की माणूस तेवढ्यापुरतंच बरोबर लिहितो, असं तो म्हणायचा. मी हट्टी, पण हा नियम पाळला.

मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला.

घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. बऱ्याच दिवसांनी प्रोग्राममध्ये काहीतरी बदलायचं होतं म्हणून मी लॅपटॉप उघडला. डोकं ठिकाणावर नव्हतं, कुठेतरी चुकलं, आणि सवयीने मी टेस्ट चालवल्या. पडद्यावर ओळ उमटली, ‘केळी आहेत की फुगे?’

मी हसले. अगदी मोठ्याने, त्याच्याशी हसायचे तशी.

चूक दुरुस्त केली तर सगळ्या टेस्ट पास झाल्या आणि पडदा गप्प झाला. तेव्हा मला कळलं की मी चुकले तरच हा बोलणार. दुसऱ्या दिवशी दुपारी, सासरे जेवून आडवे झाल्यावर, मी चांगला चालणारा प्रोग्राम मुद्दाम मोडला. तो बोलला. मी दुरुस्त केलं, तो गप्प झाला. मग ते रोजचंच झालं. आज नाव रिकामं सोड, उद्या फाइल पळव. शहाणी बाई असं करत नाही, हे मलाही कळत होतं. स्क्रिप्ट उघडून सगळं एका बैठकीत वाचता आलं असतं. पण ते त्याच्या खिशात हात घालण्यासारखं वाटायचं. त्याने आपणहून बोलायला हवं होतं.

हळूहळू सगळी बोलणी ऐकून झाली. राहिली एकच. यादीच्या तळाशी ‘शेवटची’ एवढंच नाव असलेली एक टेस्ट होती आणि ती नेहमी पास व्हायची. त्याची स्क्रिप्ट पहिल्या चुकीलाच थांबायची. म्हणजे बाकी सगळं बरोबर असून नेमकं तेवढंच चुकलं, तरच ती बोलणार. ते काय, हे मला सापडत नव्हतं. खरं सांगायचं तर मी फार जोर लावून शोधतही नव्हते. ते एकदा ऐकलं की त्याच्याकडे मला सांगायला नवं काहीच उरणार नाही, याची मला भीती वाटत होती.

अशात खकनारकडचा नवा मुनीम घरी आला. म्हणाला, “भाभी, पर्चीत पहिल्या तोलावर ‘लाभ’ कायले येते? सीधा एक करून द्या ना. आता बाबूजी भी लाभ नाही बोलत.”

मी कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली. आमच्याकडे मोजणी एकापासून व्हायची. लग्न होऊन इथे आले तेव्हा काट्याजवळ सासऱ्यांना मोजताना पहिल्यांदा ऐकलं, “लाभ, दोन, तीन…” पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, म्हणजे बरकत राहते. नवऱ्याने प्रोग्राममध्येही माझ्याकडून तसंच लिहून घेतलं होतं. पण मुलगा गेल्यापासून सासऱ्यांच्या तोंडून तो शब्द निघत नव्हता. पहिला तोल चढला की त्यांचे ओठ हलत, आवाज येत नसे. मग ते दोनपासून मोजत.

मुनिमाचं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. मी ‘लाभ’ काढून ‘एक’ घातलं आणि टेस्ट चालवल्या. एकेक पास होत गेली. मी चहा ठेवायला उठणार, तेवढ्यात तळाशी फेल आलं. त्याच्याखाली त्याची ओळ होती:

‘एक नाही गं, लाभ. गाडीच्या आवाजात बाबांचं ऐकू आलं नाही तर तू म्हण.’

मी पुष्कळ वेळ ती ओळ बघत बसले. त्याने ती थट्टेनेच लिहिली असणार. बाबांचा आवाज खरंच बंद होईल हे त्याला कुठून माहीत? पण खोलीत कोणीतरी उभं आहे असं वाटून मी मागे पाहिलं, हे मी नाकारत नाही.

ओळ तशीच ठेवायचा फार मोह झाला. शेवटी मी ‘एक’ खोडून परत ‘लाभ’ लिहिलं. सगळ्या टेस्ट पास झाल्या. तो गप्प झाला आणि या वेळी मला मोडायला काही शिल्लक नव्हतं. मला ढसाढसा रडू आलं.

सकाळी शाहपूरच्या रस्त्यावरच्या आमच्या मळ्यात गाडी भरायला लागली होती. मी एरवी लांबूनच बघायचे, त्या दिवशी काट्याजवळ गेले. ट्रकचं इंजिन चालू होतं. पहिले घड चढले. सासऱ्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. मुनीम माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, “लाभ.”

सासऱ्यांनी चटकन मान वर केली. माझ्याकडे नाही, माझ्या मागे पाहिलं, गाडी भरताना तो उभा राहायचा तिथे. तिथे कोणीच नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले.

“दोन,” ते म्हणाले.