पेटीच्या लाकडाची पाचर

बायको गेली, तिलाही हे कळलं नाही. मुलांना वाटतं, बाप सरळ माणूस. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझे कुणी नाही.

संध्याकाळी आमचा म्हाताऱ्यांचा कट्टा बसतो. रोजचं एकच पुराण — नव्वदनंतर देश उघडला, कंपन्या आल्या, गावाचं शहर झालं. मीही मान डोलावतो. आणि त्या मानेचीच चीड येते मला. देश उघडला तेव्हा काय झालं, हे मला ठाऊक नाही? मी तर दारातच उभा होतो.

चिकलठाण्याला आमचा पत्र्याचे भाग बनवायचा कारखाना होता, मी प्रेस लाइनचा सुपरवायझर. परवान्यांची कटकट संपली आणि युरोपातल्या एका कंपनीनं आमच्या मालकाशी भागीदारी केली. त्यांचे नवे प्रेस, पत्रा दाबून आकार देणारी यंत्रं, आले ते पांढऱ्या, हलक्या लाकडाच्या भल्यामोठ्या पेट्यांतून. प्रत्येक प्रेसला दोन बटणं. दोन हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा साचा खाली यायचा — म्हणजे हात आत राहूच नये. पण त्यांनीच मागितलेला माल त्या पद्धतीनं वेळेत निघत नव्हता. मग आपण काय करतो? एका बटणात पाचर मारून ते कायमचं दाबून ठेवायचं. एका हातानं दुसरं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा. परदेशी पाहुणे तपासणीला यायच्या आधी पाचरी निघायच्या, पाहुणे गेले की परत.

त्या पाचरी मी तासायचो. त्याच पेट्यांच्या लाकडातून, माझ्या चाकूनं. वर एक बारीक खाच ठेवायचो — नखानं चटकन उपसता यावी म्हणून. कौतुक होतं मला त्या खाचेचं.

भानुदास फुलंब्रीहून एसटीनं यायचा. तीन वर्षं टेम्पररी; दिवाळीला कायम होणार होता, यादीत नाव लागलं होतं. त्याला पाचर नको होती. भीती वाटते, म्हणाला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मंग बांगड्या भर अन् घरी भाकरी थाप." लाइन हसली. तोही हसला. त्याच्या प्रेसची पाचर मी माझ्या हातानं ठोकली.

आठ दिवसांनी त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

इथं मी नेहमी थांबतो. स्वतःशी बोलतानाही — इथंच. अपघात म्हणता येतो ना इथवर? पुढचं म्हणता येत नाही. भानुदास खाली बसला होता, लोक धावत येत होते, आणि मी आधी कुठं गेलो? बटणाकडं. पाचर उपसली, खिशात घातली. मग त्याच्यापाशी गेलो.

दवाखान्यात तो म्हणाला, "चौकशीत मला काय बोलता यायचं नाय. तुम्ही हायेत ना, साहेब. तुम्हीच सांगा काय झालं ते."

सांगितलं की. परदेशी साहेब आले होते, मशीन तपासून निर्दोष ठरलं होतं, कुणाचं तरी नाव हवं होतं. मी म्हणालो, त्याला घाई फार, चोरून पाचरी मारतो. त्याची पिशवी बघा. खुंटीला त्याची डब्याची पिशवी तशीच लटकत होती. पाचर निघाली. निघणारच — चौकशीच्या दिवशी सकाळी मीच टाकली होती. भाकरीच्या फडक्याखाली. भाकरी वाळून लाकडासारखी झाली होती, माझ्या हाताला लागली.

भानुदासचं नाव यादीतून गेलं. निष्काळजी कामगार म्हणून कंपनीनं हात झटकले. मला बढती मिळाली. ती पाचर काचेच्या डब्यात ठेवली, आणि नव्या भरतीला दरवर्षी ती कोण दाखवायचं? मी. बघा, म्हणायचो, एका माणसाचा मूर्खपणा. लाइनवरच्या जुन्यांना खाच दिसत होती. कुणी बोललं नाही, आणि मला राग कुणाचा यायचा? त्यांचा. ते गप्प बसले म्हणून.

गेल्या महिन्यात मुकुंदवाडी स्टेशनबाहेर भाजी घेत होतो. विकणारा डाव्या हातानं वजनं टाकत होता. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. तब्येत विचारली. वांगी पिशवीत घातली. मग पाऊसपाण्याचं बोलावं तसं म्हणाला, "तुमच्या पाचरीला वर खाच असायची नाय का, साहेब? माझ्या पिशवीत सापडली, तिलाबी व्हती."

चिडला नव्हता. चिडला असता तर मी उलटून बोललो असतो. ते मला जमतं. त्यानं वांग्यांवर कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकल्या आणि पिशवी पुढं केली.

व्हय, मीच टाकली — एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हणालो, "सुट्टे हायेत का?" आणि पिशवी घेऊन घरी आलो.