सावकाशरावांची पुडी

"घाई केली की फ्रेम निसटते," हे त्यांचं पेटंट वाक्य. चहा गार झाला तरी हेच, गाडी चुकली तरी हेच. म्हणून घरीदारी त्यांचं नाव पडलं सावकाशराव.

सासूबाईंच्या अडगळीच्या खोलीत बसून या गृहस्थाने व्हिडिओ हवा तसा हळू, भरभर नाहीतर उलटा चालवणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लिहिली. कुणीही उचलावी, आपल्या प्रोग्रामला जोडावी. आता फक्त तिची पुडी बांधायची होती, म्हणजे एका आदेशासरशी ती कुणाच्याही संगणकावर बसली असती. पण वर्ष झालं, पुडी काही बांधून होईना.

शेवटी सासूबाईंनी बजावलं, "जावईबापू, रविवारपर्यंत काही दिसलं नाही, तर त्या खोलीत माझं शिलाई मशीन येईल."

सावकाशराव हबकले. एकेक फाइल निवडून घ्यायची, ते सोडून त्यांनी जन्मात पहिल्यांदा घाई केली. अख्खा फोल्डर पुडीत कोंबला आणि इंटरनेटवर मोकळा सोडला.

रविवारी मेहुण्याने सगळ्यांसमोर ती आपल्या लॅपटॉपवर बसवली. "भावोजी, चाचणी चालवतो हं!"

पडद्यावर एक बाई कपड्यांची बादली घेऊन अंगणातून चौपट वेगाने तुरुतुरु गेली. मग तशीच उलटी आली.

"अगं आई, ही तर तूच!"

सावकाशरावांनी खिडकीतून गुपचूप घेतलेला चाचणीचा व्हिडिओही पुडीत गेला होता.

"हे कुणाकुणाकडे गेलंय?" सासूबाईंनी विचारलं.

"ज्यांनी ज्यांनी घेतली... त्यांच्याकडे."

"म्हणजे मी गावोगाव उलटी चालतेय?"

तेवढ्यात हळू चाल सुरू झाली. बादली डौलात झुलत होती, खांद्यावरचा टॉवेल वाऱ्यावर तरंगत होता. सासूबाई पुढे झुकल्या.

"हे बरंय. हे माझ्या फोनवर द्या. बाकी पुडी आत्ताच्या आत्ता मागे घ्या. नव्या पुडीत तुम्ही चालायचं. शूटिंग मी करणार."

"आणि खोली?"

"आधी बादली उचला."

सावकाशराव बादली घेऊन निघाले. खिडकीत फोन धरून सासूबाई ओरडल्या, "अहो, तुम्हीच एवढं हळू चाललात, तर तुमच्या लायब्ररीला काम काय उरेल?"

तरी पावलं तीच. ते फाटकापर्यंत पोचेतो फोन धरून सासूबाईंचा हात भरून आला, पण त्यांनी तो खाली घेतला नाही. शिलाई मशीन खोलीत हलवायला निघालेल्या मुलाला मागे न बघताच म्हणाल्या, "मशीन राहू दे तिथंच. हे फाटकाबाहेर जाईपर्यंत मला वेळ नाही."