चांदीच्या वाटीतलं लवंगतेल

कावेरीच्या प्रयोगशाळेचं कौतुक बनशंकरी भागातल्या त्यांच्या घरात सर्वांत जास्त कुणाला, तर तिच्या अत्याला, ठकुबाईला. भाची जंतू मारते, एवढं ती गल्लीभर सांगून मोकळी व्हायची.

कावेरी तशी अबोल. पण सत्त्याण्णव सालच्या गौरीजेवणात पाहुण्यांनी विचारलं आणि तिला स्फुरण चढलं. "औषधांना न जुमानणारे जंतूसुद्धा चांदीचे बारीक कण आणि लवंगतेल यांच्यापुढे नांगी टाकतात!" ती म्हणाली. खरं तर प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत तिसरी वस्तूही होती: अँटिबायोटिक. चांदी आणि तेलानं जंतू दुबळे व्हायचे, तेव्हा कुठे ते जुनं औषध पुन्हा लागू पडायचं. नुसत्या चांदीतेलानं विशेष काही होत नव्हतं. पण हे सांगितलं असतं तर अर्धं श्रेय गोळ्यांना गेलं असतं. कावेरीनं तेवढं गाळलं आणि पानातली पुरणाची होळिगे संपवली.

ठकुबाईला मधुमेह. पायाच्या बोटाला जखम होती, दवाखान्यातल्या अँटिबायोटिक गोळ्यांनी मळमळायचं. तिनं गोळ्या गुपचूप बंद केल्या, लग्नातली चांदीची वाटी काढली, तीत लवंगतेल मुरवलं आणि जखमेला लावू लागली. घरभर वास सुटला. "अत्या, दाढ दुखते का?" कावेरीनं हसत विचारलं. अत्याही हसली.

बोट काळं पडलं आणि कापावं लागलं. "गोळ्या का सोडल्या?" डॉक्टरांनी दरडावून विचारलं. ठकुबाईनं भाचीचं नाव घेतलं नाही. खाटेखालच्या पिशवीत तेलकट वाटी दिसताच कावेरीला सगळं उमगलं. तरी तीही गप्प राहिली. त्या गप्प राहण्यानं तिला स्वतःचीच किळस आली.

घरी आल्यावर शेजारीण समाचाराला आली, तेव्हा ठकुबाई म्हणाली, "आमच्या कावेरीचं औषध होतं म्हणून पाय राहिला, अक्का. स्वल्प बोटच गेलं."

कावेरीला ते ऐकवेना. "अत्या, ते औषध नव्हतंच गं. गोळ्यांशिवाय त्याचा उपयोग नसतो. मी त्या दिवशी मिरवायला अर्धंच सांगितलं. तुझं बोट माझ्यामुळे गेलं."

ठकुबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सरी, असू दे, रडू नको. तुझं कसं चुकेल? माझी वाटीच अस्सल चांदीची नसेल."