हिवराळे सरांची तिपेडी

औरंगपुऱ्यात एका बोळात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि माझ्या डोक्यावर इंग्रजी आहे. वरच्या मजल्यावर कडुबा हिवराळे सरांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास भरतो. मधे नुसतं लाकडी फळ्यांचं पाटण, त्यामुळं वरचं सगळं खाली झिरपतं. दहावीला इंग्रजीतच गचकलेला मी कचरू, अकरा वर्षं फुकटात शिकतोय. फी भरलेल्यांपेक्षा मला जास्त येतं, असं मी म्हणत नाही, पण मला तसं वाटतं.

सर मूळचे पडेगावचे. वडील छावणीत गवंडीकाम करायचे, आणि पोरगा बापाचा डबा पोचवता पोचवता फौजी बंगल्यांवरच्या पाट्या वाचून इंग्रजी शिकला. हे कष्ट खरे आहेत, त्यावर मी हसणार नाही. हसायला पुढचं पुष्कळ आहे.

सरांची सगळी विद्या एका वेणीत मावते. ते तिला तिपेडी म्हणतात. पहिला पेड म्हणजे विथ, विदाउट, बिकॉज ऑफ नाहीतर इन्स्पाइट ऑफ. दुसरा पेड म्हणजे घरातलं कुठलंही माणूस. तिसरा पेड क्रियापदाचा, आणि त्याच्या शेपटाला आयएनजी. झाली वेणी. ‘विदाउट फादर नोइंग’, म्हणजे बापाला कळू न देता. ‘विथ मदर वॉचिंग’, म्हणजे आई बघत असताना. सरांच्या मते एवढ्या शिदोरीवर माणूस लंडनला जाऊन परत येऊ शकतो. सर स्वतः पुण्याच्या पुढं गेलेले नाहीत, पण ते असो.

क्लासात दंडक एकच, वाक्य स्वतःच्या घरातलं पाहिजे. त्यामुळं झालं असं, की जे मराठीत सासूच्या नाहीतर पोरांच्या तोंडावर बोलायची छाती होत नाही, ते लोक वर उभे राहून इंग्रजीत खुशाल बोलतात. उदाहरणाचा राग कोण धरणार? मेघा नावाची नवी सून एकदा म्हणाली, “विथ मदर-इन-लॉ वॉचिंग, आय अॅम इटिंग लेस.” सासू बघते म्हणून पोरगी पोटभर जेवत नाही. सर म्हणाले, “एक्सलंट! वॉचिंग, इटिंग, दोन्ही बरोबर. क्लॅप!” कारभारी म्हणून साठीचे एक बागायतदार येतात, नातवाशी बोलायला. त्यांनी सांगितलं, “इन्स्पाइट ऑफ सन्स फायटिंग, आय अॅम नॉट डायिंग.” पोरं वाटणीसाठी भांडतायत आणि मी काही मरत नाही. सर म्हणाले, “ब्युटिफुल!” आणि पुन्हा टाळ्या. सरांचे कान फक्त आयएनजीपुरते उघडतात आणि मग लगेच मिटतात.

करुणाताई सरांच्या बायको. अठरा वर्षं एका खासगी दवाखान्यात नर्स. पोरगा सम्यक पुण्यात शिकतो, म्हणजे घरात दोघंच. एक बोलणारा आणि एक ऐकणारी.

मागच्या महिन्यात ताई माझ्याकडं एक कागद घेऊन आल्या. “कचरूभाऊ, ह्याच्या चार प्रती काढा. चांगल्या काढा.” मी वाचलं. सरकारी दवाखान्यातली कायम नोकरी, तीही पार किनवटला. सतरा तारखेला, सोमवारी, हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. ताईंचं वय बेचाळीस, पुढच्या भरतीत त्या बसणारच नव्हत्या.

“सर काय म्हणले?” मी विचारलं.

“दोनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणले, ‘ऑर्डर आली’ नाय, ‘ऑर्डर हॅज कम’ म्हण. दुसऱ्यांदा म्हणले, बघू.”

“मग जा की ताई सरळ निघून. लई झालं.”

“तसं नाय जायचं भाऊ. भांडून नाय, चोरून तर मुळीच नाय. सांगून जायचंय. त्यांनी नको म्हणलं तर म्हणू दे, पण ऐकलं तर पाहिजे ना माणसानं? तुम्ही घाला की त्यांच्या कानावर.”

मी मान डोलावली आणि घातलं नाही. सरांच्या महिन्याला चारशे नोट्स माझ्या मशिनवर निघतात. त्यांच्या घरातल्या भानगडीत पडून गिऱ्हाईक कोण तोडणार? शहाणपण म्हणतात याला. मला त्याची आजही लाज वाटते.

इकडं समोरच्या इमारतीत दुसरा क्लास उघडला. त्याला एसी, काचेचं दार आणि टाय लावलेला मास्तर. सरांचं धाबं दणाणलं. त्यांनी सोळा तारखेच्या रविवारी फुकट डेमो लावला, आणि खुर्च्या रिकाम्या दिसायला नकोत म्हणून घरदार बसवलं. मी होतो, चहावाला होता, आणि करुणाताई होत्या. ताईंना घरूनच ताकीद मिळाली होती, “तिथं मला ओळख दाखवू नको.” अठरा-वीस वर्षांच्या संसारानंतर हे काम काही अवघड नव्हतं.

सकाळीच ताईंनी एक मोठी बॅग माझ्या दुकानात आणून ठेवली. म्हणाल्या, “आज तिसऱ्यांदा सांगते.” कुठं सांगणार ते बोलल्या नाहीत.

वर तीस-पस्तीस माणसं जमली होती. सरांनी फळ्यावर तिपेडी काढली, दोन-तीन पोरांकडून वाक्यं बोलवून घेतली, आणि मग अगदी परक्या आवाजात म्हणाले, “नाऊ वन लेडी. येस मॅडम, यू. घाबरायचं नाही. घरातलं वाक्य.”

ताई उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. सरांच्या डोळ्यांत बघून एकेक शब्द ठेवत बोलल्या.

“विदाउट हजबंड लिसनिंग, आय अॅम टेलिंग टू टाइम्स. विथ ऑर्डर कमिंग फ्रॉम किनवट, आय अॅम गोइंग टुडे. इन्स्पाइट ऑफ हार्ट पेनिंग, आय अॅम गोइंग.”

नवरा ऐकत नाही, दोनदा सांगून झालं. किनवटची ऑर्डर आलीय, मी आज निघाले. जीव तुटतोय, तरी निघाले. मी सरांकडं बघितलं. वाटलं, आता तरी खडू हातातून पडेल.

सर खुर्चीवर चढायचेच बाकी होते. “लिसनिंग! कमिंग! पेनिंग! अरे, तीन वेण्या एका दमात! लेडीज अँड जेंटलमेन, हे असतं इंग्लिश. मॅडम, आय अॅम प्राउड ऑफ यू. गो अहेड! क्लॅप, क्लॅप, मोठ्यानं!”

सगळी खोली टाळ्यांनी दणाणली, त्यात माझ्याही होत्या. ताई सरांना म्हणाल्या, “थँक्यू सर,” आणि जिना उतरल्या. त्या वाक्याच्या जोरावर डेमोत चौदा प्रवेश झाले, हेही सांगून टाकतो. समोरच्या एसीला घाम फुटला असणार.

मी मागोमाग खाली आलो. ताई बॅगेपाशी उभ्या होत्या, हसतही होत्या आणि डोळेही पुसत होत्या. “सांगितलं ना मी, कचरूभाऊ?”

“व्हय ताई. पस्तीस माणसांदेखत सांगितलं.”

“आणि ते गो अहेड म्हणले.”

मी रिक्षा बोलावली, बॅग आत ठेवली. ताईंनी जय भीम केला आणि रिक्षा स्टेशनच्या रस्त्याला लागली. मग मी दुकानात बसून उगीचच कोरे कागद सरळ करत राहिलो.

दिवे लागायच्या सुमाराला सर चौदा फॉर्म घेऊन खुशीत खाली आले. “कचरू, ह्याच्या दोन-दोन प्रती. आणि मॅडम घरी गेल्या का? आज मटण सांगतो त्यांना.”

“ताई किनवटला गेल्या, सर. उद्या कामावर हजर व्हायचंय.”

“किनवटला? मला न सांगता?”

मी ताईंची तिन्ही वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली. अकरा वर्षांच्या शिकवणीनंतर मला एवढं येतंच. सर ऐकत होते. या वेळी नुसतं आयएनजी नाही, मधली माणसंही त्यांना ऐकू येत होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते मशिनला टेकून खाली स्टुलावर बसले.

“तुला तिथंच समजलं व्हतं का रं?” इतक्या वर्षांत मी सरांची पडेगावची बोली पहिल्यांदा ऐकली.

“व्हय सर.”

“मग बोलला का नाय? तू बी टाळ्याच वाजवत व्हता की.”

“समजलं व्हतं, म्हणून तर वाजवल्या सर,” मी म्हणालो. “त्या टाळ्या ताईंसाठी व्हत्या.”