घोडीला घडलेला उपास

माझ्या मामांना देव कळतो, शिलाई कळते, जनावर मुळीच कळत नाही. तरी त्यांनी एक बुटकी घोडी पाळली होती, मुंजीच्या मिरवणुकीत बटूला बसवायला. म्हैसूरच्या आमच्या मराठी मंडळींची ती भारी लाडकी. जो येईल तो तिच्या तोंडात गूळ नाहीतर प्रसादाचा शिरा कोंबायचा. मानेवर चरबीची वळकटी आली, तर खात्यापित्या घरची म्हणून कौतुक. मी जनावरांची डॉक्टर, पण घरात मला विचारतो कोण? पिकतं तिथे विकत नाही.

शेवटी जिनाचा पट्टा पुरेना, तेव्हा मामांचा फोन आला. मी टी. नरसीपूर गावी, अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात. गाईच्या मालकाने फोन माझ्या कानाशी धरला. मामांचं ऐकून घ्यायचा मला कंटाळाच होता. तिचं खाणं बंद करा, एवढं सांगून मी त्याला फोन ठेवायला लावला.

दुसऱ्या दिवशी एकादशी. मामांनी घोडीलाही धरायला लावली, तीही निर्जळी. पोट उतरलं नाही म्हणून पुढचे दोन दिवस तेच. स्वतः मात्र एकादशी अन् दुप्पट खाशी. चौथ्या दिवशी घोडीपुढे गवत टाकलं, तर तिने तोंड फिरवलं. तेव्हा कुठे मला बोलावणं आलं.

"सुम्ने, उगाच नावापुरता उपास नाही गं, कडक केला तिने," मामा मोठ्या अभिमानाने म्हणाले.

रक्त काढलं, तर नळीत वर दुधासारखं पांढरं पाणी. लठ्ठ तट्टाला एकदम उपाशी ठेवलं, की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत तुंबतं. त्याला बारीक करायचं ते खायला घालूनच: गूळदाणा बंद, आणि पाण्यात भिजवून निथळलेलं वाळलं गवत, थोडं थोडं, दिवसातून चारदा. हे मी मामांना सुनावलं, आणि त्यांच्या अडाणीपणाबद्दल तोंडाला येईल तेही. मग ग्लुकोजची सलाईन लावली, नाकातून नळी घालून पेज दिली.

दोन दिवसांनी घोडी गेली. भजनाची मंडळी हात जोडून म्हणाली, उपासात गेली, पुण्यवान. मला त्या सगळ्यांची किळस आली.

मामा मात्र त्यांच्यात नव्हते. ते तिच्या मानेवरून हात फिरवत बसले होते.

"किती बंद करू, कसं करू, विचारणार होतो गं," ते म्हणाले. "तू फोन ठेवलास."

ठेवला होता.