सहा वाजताचं ‘सब ठीक’

दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत मला सगळे कर्नलसाहेब म्हणतात. म्हणोत बापडे. मला त्या हाकेचा आता वीट आलाय.

माझ्या जुन्या युनिटच्या चौकीवर पहाटे साडेपाचला अतिरेकी घुसले. पहाऱ्याचा प्रमुख, गार्ड कमांडर असलेला नायक हुद्द्याचा जवान लढतानाच गेला. साताऱ्याकडचा, माझ्याच हाताखाली तयार झालेला पोरगा. सरकारी निवेदनात आलं की गार्ड कमांडर झोपला होता. पुरावा काय, तर गार्ड रजिस्टर, पहाऱ्याची दर तासाची नोंदवही. कुंपणाच्या तारा तीनला कापल्या गेल्या आणि त्याच्या अक्षरात चारला ‘सब ठीक’, पाचला ‘सब ठीक’; म्हणजे फेरी न मारता झोपला आणि नुसतं लिहून मोकळा झाला, असा निष्कर्ष.

त्याची बायको कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमधून लेकीला घेऊन माझ्या घरी आली. शाळेत मुलं पोरीला विचारतात म्हणे, तुझे पप्पा ड्युटीवर झोपले होते ना? पोर खाली मान घालून बसली होती.

“साहेब, ते झोपणारे नव्हते. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.”

युनिटमधल्या एका जुन्या सुभेदाराने मला त्या पानाची प्रत दाखवली. बघतो तर काय, त्यावर सहाचंही ‘सब ठीक’ होतं! साडेपाचला गेलेला माणूस सहाला कसं लिहील? पान आदल्या संध्याकाळीच भरलेलं होतं. कडाक्याच्या थंडीत दर तासाला कोण पेन धरणार? आणि सकाळी राउंडला आलेल्या साहेबाला तर पान भरलेलंच लागतं. म्हणजे त्या नोंदींवरून तो झोपला होता की जागा, काहीच ठरत नाही. मी तावातावाने चार पानी पत्र लिहिलं, सरकारी हकिकत खोटी आहे असं स्वच्छ लिहिलं.

चौकशीला बोलावलं. समोर माझ्यापेक्षा कितीतरी ज्युनिअर अधिकारी. चहा आला, बिस्किटं आली. पत्र त्याने नीट वाचलं होतं. त्याने अगदी अदबीने विचारलं, “सर, आपके टाइम में भी ऐसे ही भरते थे?”

हो म्हणायचं होतं, बस. पण तसल्या पानांवर वर्षानुवर्षं माझ्या सह्या आहेत. आणि त्या पोराला, तो नवा नवा गार्ड कमांडर झाला तेव्हा, मीच म्हणालो होतो, अरे, रात्री बोटं गारठतात, संध्याकाळीच भरून टाकत जा.

“बिल्कुल नहीं,” मी म्हणालो.

झालं. आता अहवालात तो झोपलेला तर आहेच, वर खोट्या नोंदी करणाराही आहे, आणि त्याला आधार माझ्या साक्षीचा. लाज वाटते हो. आरशात बघून दाढी करवत नाही.

गेल्या आठवड्यात क्वार्टर सोडून गावी निघताना ती भेटायला आली. आत काय झालं ते तिला कुणी सांगितलेलं नाही. तिने लेकीला माझ्या पाया पडायला लावलं.

“सगळ्यांनी हात झटकले, साहेब. तुम्ही एकटे त्यांच्या बाजूने बोललात.”

मी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखी राहा म्हणालो.