मातामायच्या ओट्यावरचं परदेशी चित्र

आर्वीकडच्या एका ठाण्यात मी अंमलदार होतो, तेव्हाची ती घटना अजून मनातून जात नाही. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मिशनच्या दवाखान्यातून चित्र चोरीला गेल्याची फिर्याद आली. डॉक्टरीणबाई परदेशी, वयस्क. चित्र त्यांना वडिलांकडून मिळालेलं. एका थोर डच चित्रकाराने तरुणपणी रंगवलेल्या बायबलमधल्या प्रसंगाची ती तैलरंगातली नक्कल. आंधळा म्हातारा हात जोडून बसलेला, शेजारी करडू घेऊन उभी त्याची बायको.

पंचनाम्यात कुलूप शाबूत निघालं. किल्ली एकाच आयाकडे असे, आणि बाईंचा संशयही तिच्यावरच. बाईंच्या हाताखाली तिचे केस पांढरे झाले होते. ठाण्यात बोलावून मी तिला चहा पाजला, मग दरडावलं, नोकरी जाईल, तुरुंग होईल म्हणून सांगितलं. सराईत चोर आधी खोटं बोलतो; ही काहीच बोलेना, ते मला खटकलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्या गुराख्याने सांगितलं, गावदेवी मातामायच्या ओट्यावर नवा फोटो आलाय. जाऊन पाहतो तर तेच चित्र, आणि करडाच्या कपाळाला कुंकू. ते समोर ठेवताच आया रडू लागली.

"सून अडली होती तवा मातामायले बकरीचं पिल्लू कबूल केलतं, साहेब. सून सुटली. पन बाईले म्या शब्द देल्ला होता, जीव नाई कापणार म्हनून. कोनाचा मोडू? मंग फोटूतलं पिल्लू दाखोलं मायले. मंगळवार झाला का परत आणून ठेवणार होती."

बाईंना का विचारलं नाहीस, म्हटलं. "त्याईच्या देवाचा फोटू हाय. आमच्या ओट्यावर कशा देतीन?"

मी बाईंना बोलावून जबाब वाचून दाखवला. बाईंनी चित्र उचलून उजेडात धरलं. मग त्यांनी त्यातली गोष्ट सांगितली. ती बायको कष्टाने मिळवलेलं करडू घरी आणते आणि नवरा तिला चोर ठरवतो. चूक उमगल्यावर तो असा हात जोडून बसला आहे.

"हे चित्र मी जन्मभर पाहिलं," बाई म्हणाल्या, "आणि हिला चोर म्हणायला मला एक दिवस पुरला."

चोरीचा हेतू नव्हता, म्हणून मी तपास बंद करण्याचा अहवाल पाठवला. चित्र पोचवायला स्वतः गेलो. बाईंनी किल्ली पुन्हा आयापुढे केली, पण चित्र भिंतीवर लागेपर्यंत तिने ती घेतली नाही. मला तिचा फार आदर वाटला.

माणूस निर्दोष सुटला की आमचं काम कागदावर संपतं. त्याला घरी, कामावर पुन्हा कोणी जवळ केलं का, हे कागदावर येत नाही. त्या प्रकरणानंतर मी ते स्वतः जाऊन पाहू लागलो, आणि पुष्कळदा त्याच्यासाठी दार लावलेलंच दिसलं.